'सी' भाषेतील अक्षरमालेचे दशांश संख्येत रूपांतर : एक चिकित्सक अभ्यास

बीजसंज्ञा : सी भाषा, अक्षरमाला, फ्लोटिंग पॉइंट संख्या, देवनागरी अंक, सातबारा, संगणक अध्यापन

प्रस्तावना :

हिंगोली जिल्ह्यातील कयाधू नदीकाठचे नरसी नामदेव हे गाव परंपरेने संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. नामदेवांचे अभंग मराठी वाचक देवनागरीत वाचतो, तर गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट असलेली त्यांची ६१ पदे शीख भाविक गुरुमुखीत वाचतो. एकाच संताची वाणी अशा प्रकारे दोन लिप्यांतून दोन समाजांपर्यंत पोहोचली आहे. नरसीतील ज्या भाविकाला गुरुमुखी येत नाही त्याच्यापुढे तो ग्रंथ उघडला, तर 'मला ही लिपी वाचता येत नाही' असे तो प्रांजळपणे सांगेल. 'येथे काहीच लिहिलेले नाही' असे तो कधीही म्हणणार नाही. 'वाचता न येणे' आणि 'काही नसणे' यांतील हा भेद निरक्षर माणसालाही सहज कळतो.

सी भाषेत अक्षरमालेचे दशांश संख्येत रूपांतर करण्यासाठी जे फलन पदवी वर्गांना सर्वप्रथम शिकविले जाते, त्या 'एटूएफ' या फलनाला मात्र हा भेद कळत नाही. जे वाचता येत नाही त्याचे उत्तर ते 'शून्य' असे देते. जेथे शून्यच लिहिलेले असते तेथेही त्याचे उत्तर 'शून्य' हेच असते. प्रस्तुत लेखात या रूपांतराच्या अध्यापनाची चिकित्सा केली असून, मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या परिचयाचे सातबारा, गुणपत्रक आणि देवनागरी अंक यांच्या कसोटीवर ते तपासले आहे. संगणकाला दिलेला मजकूर जेथे आंतरराष्ट्रीय अंकांत आहे तेथे तो तसाच दिला असून उर्वरित विवेचनात देवनागरी अंक वापरले आहेत.

रूपांतराचे स्वरूप :

कळफलकावरून अथवा संचिकेतून आलेले '1.25' हे संगणकाच्या दृष्टीने प्रारंभी केवळ चार चिन्हांची रांग असते. तिच्यावर गणित करता येत नाही. तिचे मूल्य ठरविणे म्हणजे रूपांतर होय. ब्रायन कर्निघॅन आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेवरील मूळ ग्रंथात (१९७८, दुसरी आवृत्ती १९८८) हे काम करणारे छोटे फलन उदाहरणादाखल दिलेले आहे. त्याची रीत शालेय गणिताइतकी सोपी आहे. प्रत्येक अंक घेताना आधीच्या मूल्याला दहाने गुणावयाचे व नवा अंक मिळवावयाचा. दशांश चिन्ह ओलांडल्यानंतर किती अंक आले याचा हिशेब दहाच्या घातांत ठेवावयाचा आणि शेवटी भागाकार करावयाचा. '1.25' साठी १२५ भागिले १०० असे गणित होऊन उत्तर मिळते. चिन्हाच्या संकेतांकातून शून्याच्या चिन्हाचा संकेतांक वजा केला की अंकाचे मूल्य हाती येते, ही त्यातील युक्ती विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरणारी आहे. अध्यापनाच्या दृष्टीने हे उदाहरण उत्कृष्ट होय, यात शंका नाही.

तथापि सोपेपणाची मर्यादाही लक्षात घ्यावयास हवी. १९८५ च्या 'आयईईई ७५४' प्रमाणकानुसार दुहेरी अचूकतेच्या संख्येत ५३ द्विमान अंक मावतात. त्यामुळे सुमारे १५ सार्थ अंकांपर्यंत आणि दहाच्या २२व्या घातापर्यंत वरील रीतीतील गुणाकार व घात अचूक राहतात आणि केवळ अखेरच्या भागाकारात एकदाच पूर्णांकन होते. त्यापुढे प्रत्येक पायरीवर सूक्ष्म चूक साचत जाते. दिलेल्या दशांश मजकुराला सर्वांत जवळची द्विमान संख्या नेमकी कशी शोधावी, हा प्रश्न १९९० मध्ये विल्यम क्लिंगर आणि डेव्हिड गे यांच्या शोधनिबंधांनी सोडविला. म्हणजे सी भाषेचा मूळ ग्रंथ प्रकाशित झाल्यानंतर तब्बल १२ वर्षांनी. त्यानंतरही हा विषय संपला नाही. २०११ च्या प्रारंभी दहाच्या उणे ३०८व्या घाताजवळच्या विशिष्ट संख्या मजकुरातून वाचताना पीएचपी आणि जावा या दोन्ही प्रणाली अनंत आवर्तनात अडकतात, असे उघडकीस आले. जगभरातील सर्व्हर केवळ एका संख्येच्या वाचनाने ठप्प करणे त्यामुळे शक्य झाले होते. ज्या विषयाला वर्गात एका तासिकेहून अधिक वेळ मिळत नाही, त्याची खोली यावरून ध्यानात यावी.

'एटूएफ' : दोष कोठे आहे ?

'एटूएफ' या नावातील 'एफ' मुळे हे फलन 'फ्लोट' प्रकारची संख्या देते असा समज होतो. प्रत्यक्षात ते 'डबल' देते. हा दोष नावापुरता आहे. मुख्य दोष तीन आहेत.

पहिला दोष असा की, अक्षरमालेच्या प्रारंभी संख्या न सापडल्यास हे फलन शून्य देते. गुणपत्रकात अनुपस्थित विद्यार्थ्यापुढे लिहिलेले 'गैरहजर' आणि परीक्षेला बसून मिळालेला '0' यांचे उत्तर एकच येते. अनुपस्थिती आणि शून्य गुण यांचे परिणाम सारखे नसतात, हे कोणाही प्राध्यापकास सांगावयास नको. वर्गाची सरासरी काढताना अनुपस्थितांची शून्ये मिसळली गेली, तर निकालाचे चित्रच बदलते आणि कोठेही चुकीची सूचना मिळत नाही.

दुसरा दोष असा की, संख्या अर्धवट वाचली गेल्यास उरलेला मजकूर निमूटपणे सोडून दिला जातो. भारतीय पद्धतीने लिहिलेली '1,25,000.50' ही रक्कम हे फलन '१' अशी वाचते, कारण पहिल्या स्वल्पविरामाशी त्याचे वाचन थांबते. सव्वा लाख रुपयांचा एक रुपया होतो आणि कार्यक्रम पुढे सुरळीत चालू राहतो.

तिसरा दोष असा की, मूल्य मर्यादेबाहेर गेल्यास काय घडावे हे प्रमाणकाने निश्चित केलेले नाही. या तिन्ही दोषांचे मूळ एकच आहे. फलन मूल्य सांगते, परंतु किती वाचले ते सांगत नाही.

नांदेड आणि हिंगोली :

१९९९ च्या सुधारित प्रमाणकात, म्हणजे 'सी ९९' मध्ये, अनंत आणि 'संख्या नव्हे' ही दोन विशेष मूल्ये मजकुरातून वाचण्याची सोय झाली. 'संख्या नव्हे' यासाठी रोमन लिपीतील 'एन-ए-एन' ही तीन अक्षरे ठरविण्यात आली आणि त्यांत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद ठेवला नाही. याचा एक परिणाम मराठवाड्यासाठी विशेष बोधक आहे. एखाद्या संचिकेत स्तंभ सरकून संख्येच्या जागी रोमन लिपीत जिल्ह्याचे नाव आले अशी कल्पना करू. 'हिंगोली' या नावाचे उत्तर शून्य येईल. 'नांदेड' हे नाव मात्र रोमन लिपीत 'एन-ए-एन' या अक्षरांनीच सुरू होत असल्याने आधुनिक कंपायलरमध्ये त्याचे उत्तर 'संख्या नव्हे' असे येईल. नंदुरबारच्या बाबतीतही तेच घडेल.

ही बाब वरवर गमतीची वाटली तरी तिच्यातून एक महत्त्वाचे तत्त्व हाती येते. 'संख्या नव्हे' हे मूल्य बेरजेत आले की संपूर्ण बेरीजच 'संख्या नव्हे' होते. कर्मचाऱ्याचे लक्ष वेधले जाते आणि चूक शोधली जाते. 'हिंगोली'चे शून्य मात्र बेरजेत मिसळून जाते आणि अहवाल वरिष्ठ कार्यालयात पोहोचतो. दोन्ही ठिकाणी चूक एकच आहे. एक चूक हिशेब बिघडवून स्वतःला उघड करते, तर दुसरी हिशेब जुळल्याचा आभास निर्माण करते. यांपैकी दुसरी अधिक घातक होय. येथे हेही नमूद करावयास हवे की, 'नांदेड'च्या बाबतीत चूक उघड होते ती केवळ योगायोगाने. फलनाच्या रचनेला त्याचे श्रेय देता येत नाही.

सातबारावरील टिंब :

मराठवाड्यातील बहुसंख्य विद्यार्थी शेतकरी कुटुंबांतून येतात. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर यांत लिहिलेले असते. १ हेक्टर म्हणजे १०० आर आणि १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. नरसी शिवारातील एखाद्या कल्पित शेताचे क्षेत्र '1.25.40' असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ १ हेक्टर २५ आर ४० चौरस मीटर, म्हणजेच १.२५४० हेक्टर असा होतो. 'एटूएफ' दुसऱ्या टिंबाशी थांबते व १.२५ हे उत्तर देते. शेतकऱ्याची ४० चौरस मीटर जमीन कोणत्याही सूचनेशिवाय हिशेबातून गळते.

याहून सूक्ष्म अडचण एकर-गुंठ्यांच्या लेखनात आहे. व्यवहारात २ एकर २० गुंठे हे क्षेत्र अनेकदा '2.20' असे टिपले जाते. ४० गुंठ्यांचा एकर असल्याने हे क्षेत्र अडीच एकर आहे. संगणक मात्र ते २.२ एकर असे वाचतो आणि १२ गुंठ्यांची तूट येते. याउलट '2.5' असे टिपलेले २ एकर ५ गुंठे संगणक अडीच एकर समजतो आणि १५ गुंठे वाढवून देतो. दशांश पद्धतीत '2.2' आणि '2.20' यांत भेद नाही. गुंठ्यांत मात्र २ आणि २० यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जुन्या मराठी हिशेबवहीत पाव, अर्धा व पाऊण दाखविण्यासाठी दंड वापरीत. '१॥' म्हणजे दीड, हे वाचकाला ठाऊक असे. म्हणजेच चिन्हाचा अर्थ चिन्हात नसून व्यवहाराच्या संकेतात असतो.

पहिल्या उदाहरणातील चूक दक्ष कार्यक्रमाने पकडता येते, कारण तेथे मजकूर शिल्लक राहतो. दुसऱ्या उदाहरणातील चूक कोणतेही फलन पकडू शकत नाही, कारण व्याकरणदृष्ट्या '2.20' ही निर्दोष दशांश संख्या आहे. ती पकडण्याचे काम कार्यक्रम लिहिणाऱ्याचेच आहे. हेक्टर, आर व चौरस मीटर किंवा एकर व गुंठे हे घटक पूर्णांक म्हणून स्वतंत्रपणे वाचावेत आणि नंतर एकत्र करावेत, हा त्यावरील उपाय होय.

देवनागरी अंकांचा प्रश्न :

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ नुसार राज्यकारभाराची भाषा मराठी आहे आणि विद्यार्थी शाळेपासून देवनागरी अंक लिहीत आलेला असतो. त्याने '१.२५' असे टंकलिखित केल्यास 'एटूएफ' शून्य देते. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. युनिकोडच्या 'यूटीएफ-८' या संकेतनात प्रत्येक देवनागरी अंक तीन बाइट व्यापतो. त्यामुळे '१.२५' ही चार चिन्हे १० बाइटांत साठविली जातात. पहिल्या बाइटचे मूल्य २२४ आहे. जेथे 'कॅरॅक्टर' प्रकार चिन्हयुक्त असतो तेथे तेच मूल्य उणे ३२ असे दिसते. फलनाला अपेक्षित असलेल्या अंकांत ते बसत नाही आणि वाचन सुरू होण्यापूर्वीच संपते. प्रमाणकाने अन्य भाषिक परिसरांसाठी वेगळे लेखनप्रकार स्वीकारण्याची मुभा दिलेली आहे. परंतु महाविद्यालयांतील नेहमीच्या कंपायलरांत तिचा देवनागरी अंकांसाठी उपयोग झालेला दिसत नाही.

युनिकोडपूर्व काळातील काही मराठी फॉन्टांत इंग्रजी अंकांच्याच संकेतांकावर देवनागरी अंकांची आकृती बसविलेली होती. पडद्यावर 'देवनागरी' दिसणारा मजकूर आतून आंतरराष्ट्रीय अंकांचाच असे व 'एटूएफ' तो बिनदिक्कत वाचीत असे. मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावर तीच आकृती डोळ्यांना तशीच दिसते, मात्र यंत्राला वाचता येत नाही. प्रमाणित संकेतनाकडे जाणे योग्यच होते. त्याबरोबर वाचनाची रीत बदलावी लागते, एवढाच त्याचा बोध आहे.

हा प्रश्न अवघडही नाही. देवनागरी अंकाचे तीन बाइट अनुक्रमे २२४, १६५ आणि १६६ ते १७५ असे असतात. पहिले दोन जुळल्यावर तिसऱ्यातून १६६ वजा केले की अंकाचे मूल्य मिळते. मूळ ग्रंथातील शून्याचे चिन्ह वजा करण्याची युक्ती हीच आहे, केवळ संकेतांक निराळे. दहा-पंधरा ओळींचे हे फलन द्वितीय वर्षाचा विद्यार्थी सहज लिहू शकतो. पायथन भाषेत तर ही सोय अंगभूत आहे. तेथील 'फ्लोट' हे फलन '१.२५' बरोबर वाचते. शिवाय '1.25.40' किंवा 'नांदेड' असा मजकूर दिल्यास ते चूक असल्याचे स्पष्टपणे कळवून थांबते. याउलट जावास्क्रिप्टमधील 'पार्सफ्लोट' हे फलन '1.25.40' मधून १.२५ एवढेच उचलते. म्हणजे भाषा नवी असली की दोष संपला, असे म्हणता येत नाही.

पाठ्यपुस्तके आणि प्रयोगशाळा :

महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांनी सी भाषा शिकली ती नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकातून आणि बोरलंड कंपनीच्या टर्बो सी या कंपायलरवर. कानेटकरांच्या पुस्तकाने इंग्रजीची भीती बाळगणाऱ्या विद्यार्थ्याला सी भाषेच्या जवळ आणले, हे त्याचे मोठे योगदान होय. त्या काळातील एक अनुभव बहुतेक प्राध्यापकांच्या स्मरणात असेल. स्ट्रक्चरच्या ॲरेमध्ये 'स्कॅनएफ'ने दशांश संख्या वाचू लागताच 'फ्लोटिंग पॉइंट फॉरमॅट्स नॉट लिंक्ड' असा संदेश येऊन कार्यक्रम बंद पडे. अपुरी स्मृती वाचविण्यासाठी कंपायलर गरज न दिसल्यास रूपांतराचा भाग जोडीतच नसे. म्हणून 'लिंकफ्लोट' नावाचे एक निरुपयोगी दिसणारे फलन कार्यक्रमात घालण्याची रीत या पुस्तकाने कारणासह दिली होती. वर्गात मात्र अनेकदा कारण मागे पडले आणि मंत्रासारखे पाठ केलेले ते फलन तेवढे शिल्लक राहिले.

येथे एक विसंगती लक्षात येते. टर्बो सी मधील तो संदेश त्रासदायक असला तरी प्रामाणिक होता. रूपांतर करता येत नाही हे तो सांगत असे. त्या संदेशावर उपाय पाठ करणारी अध्यापनपद्धती 'एटूएफ'च्या मूक शून्याबद्दल मात्र काहीच बोलत नाही. जो दोष ओरडतो त्याच्यावर उपाय शिकविला जातो आणि जो दोष गप्प राहतो तो अभ्यासक्रमाबाहेर राहतो.

पर्याय व आक्षेप :

१९८९ च्या प्रमाणकापासूनच 'स्ट्रटूडी' हे फलन उपलब्ध आहे. ते मूल्याबरोबरच वाचन कोठे थांबले त्या जागेचा पत्ता देते. त्याच्या वापराची शिस्त अशी : प्रथम 'एररनो' शून्य करावा. रूपांतरानंतर थांबण्याची जागा आणि प्रारंभ एकच असल्यास काहीच वाचले गेले नाही असे समजावे. पुढे रिकाम्या जागांखेरीज अन्य मजकूर उरल्यास नोंद सदोष ठरवावी. 'एररनो'मध्ये मर्यादाभंगाची खूण आहे का ते पाहावे. शेवटी मूल्य सांत आहे याची खात्री करावी. 'फ्लोट'च हवा असल्यास 'सी ९९' मधील 'स्ट्रटूएफ' वापरावे, कारण आधी 'डबल' व नंतर 'फ्लोट' असे केल्यास दोनदा पूर्णांकन होऊन क्वचित वेगळे उत्तर येते.

नवशिक्या विद्यार्थ्याला पॉइंटरच्या पॉइंटरची ओळख नसते, म्हणून 'एटूएफ'च योग्य, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. प्रथम सत्रात सोपे फलन शिकविण्यास हरकत नाही. परंतु पॉइंटर शिकवून झाल्यावरही अभ्यासक्रम मागे वळून या फलनाकडे पाहत नाही, हे खटकते. किंबहुना पॉइंटरचा पॉइंटर का हवा, या विद्यार्थ्याच्या नेहमीच्या प्रश्नाला 'स्ट्रटूडी'इतके समर्पक उत्तर दुसरे नाही.

निष्कर्ष :

१. 'एटूएफ'चा मुख्य दोष अपयशात नसून ते अपयश वैध उत्तरासारखे दिसण्यात आहे.

२. रूपांतराच्या अध्यापनात 'काय वाचले' याइतकेच 'किती वाचले' यालाही स्थान हवे. त्यासाठी पॉइंटरच्या घटकानंतर 'स्ट्रटूडी'चा स्वतंत्र प्रयोग असावा.

३. प्रयोगासाठी स्थानिक नोंदी वापराव्यात. सातबाराचे क्षेत्र, स्वल्पविरामयुक्त रक्कम, देवनागरी अंक, 'गैरहजर' असा शेरा आणि जिल्ह्याचे नाव अशा दहा नोंदींची एक संचिका पुरेशी होईल.

४. देवनागरी अंकांचे वाचन हा विशेष संशोधनाचा विषय नसून पदवी स्तरावरील स्वाध्याय आहे.

५. टिंबाचा अर्थ यंत्र ठरवू शकत नाही. एकर-गुंठ्यांचा संकेत जाणणारा नरसीचा विद्यार्थी याबाबतीत कोणत्याही कंपायलरपेक्षा अधिक जाणकार असतो. त्याचे हे ज्ञान प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवण्याचे कारण नाही.

जे वाचता आले नाही ते वाचता आले नाही असे सांगणे, ही साक्षरतेची पहिली खूण होय. विद्यार्थ्याने लिहिलेल्या कार्यक्रमाकडूनही तेवढीच अपेक्षा आहे.